पासवर्ड बरोबरच आहे

"पासवर्ड बरोबरच असणार, काका. बदलू नका, मी येतो." बंगळुरूत व्हाइटफील्डला कडुगोडीच्या बाजूच्या एका संगणकदुरुस्तीच्या दुकानात मी कीबोर्डसाठी थांबले होते. निपाणीचा तो तरुण फोनवर हे एकदा मराठीत बोलला, मग दुसऱ्या कुणाला कन्नडमध्ये, तिसऱ्याला हिंदीत. काहीही तपासायच्या आधी समोरच्यावर विश्वास ठेवणारा तंत्रज्ञ मला नवा होता. त्याला विचारून मी सोबत गेले.

काका निवृत्तीनंतर पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले. थंडरबर्ड ह्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये त्यांचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार. पडद्यावर ५३५ हा आकडा, आणि नाव किंवा पासवर्ड मान्य नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ. जुन्या डायऱ्या काढून त्यांनी पासवर्ड ताडून पाहिला होता. "आता माझ्याच लक्षात राहत नाही की काय, असं वाटायला लागलं," ते हळू आवाजात म्हणाले. ते ऐकल्यापासून ५३५चा मला राग आहे.

तरुणाने आधी ब्राउझर उघडून काकांनाच पासवर्ड टाइप करायला लावला. मेल लगेच उघडले. "बघा, ५३५ तुम्हाला नाही, ह्या प्रोग्रॅमला आलाय."

जुन्या पद्धतीत मेलचा प्रोग्रॅम खरा पासवर्ड स्वतःजवळ साठवतो आणि दर वेळी सर्व्हरला दाखवतो. तो चोरीला गेला की सगळं खातं गेलं. फोनवर येणारी दुसरी पडताळणीही तिथे मध्ये येऊ शकत नाही. म्हणून मोठ्या सेवांनी हा रस्ता बंद करत आणला. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्याऐवजी ओऑथ आलं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं मानक २०१२ सालचं. त्यात पासवर्ड सेवेच्या स्वतःच्या पानावर द्यायचा आणि प्रोग्रॅमला फक्त एक टोकन मिळतं, हवं तेव्हा रद्द करता येणारं. बदल योग्यच आहे. पण रस्ता बंद केल्यावर पाटी 'रस्ता बंद' अशी हवी. 'तुमचा पासवर्ड चुकला' ही पाटी म्हणजे माणसावर खोटा आळ आहे.

मुलाने ऑफिसमधून फोनवर सुचवलं, "खातं काढून नव्याने घाला ना." तरुण ठाम नाही म्हणाला. जुनं खातं पॉप पद्धतीचं, म्हणजे पत्रं संगणकावर उतरवून घेणारं, असेल तर पत्रं फक्त ह्याच संगणकावर असण्याची शक्यता मोठी. त्याने थंडरबर्डचं सगळं प्रोफाइल आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि तो शांतपणे बसून राहिला.

पुढचं भराभर झालं. साठवलेला पासवर्ड काढला, पडताळणीची पद्धत ओऑथवर नेली. परवानगीची खिडकी उघडेना, कारण थंडरबर्डमध्ये कुकीज बंद होत्या. त्या चालू केल्या, काकांनी फोनवर होकार दिला आणि पत्रं यायला लागली. उत्तर पाठवलं तर पुन्हा ५३५! जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरची सेटिंग वेगळी असते. "बरेच जण इथे हात टेकतात," म्हणत त्याने तीही बदलली. काकांचं पत्र पुण्याला गेलं.

त्याच गल्लीत एका दवाखान्याचा स्कॅनर रिपोर्ट मेल करायचा थांबला होता. तिथेही ५३५. त्या जुन्या यंत्राला ओऑथ कळतच नाही. त्यांची मेलसेवा अ‍ॅप पासवर्ड देत होती, म्हणून त्याने डॉक्टरांच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावून सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढला. त्याला 'स्कॅनर' असं नाव दिलं. उद्या यंत्र विकलं तर तेवढाच रद्द करायचा. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "म्हणजे आमचा पासवर्ड चुकला नव्हता?"

"नाही मॅडम," तो म्हणाला आणि दुसरा फोन घेतला.