मोरीतल्या भोवऱ्याची दिशा

'उत्तर गोलार्धात मोरीतले पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरत जाते, तर दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने. कारण पृथ्वीचे परिवलन.' हे विधान आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. काहींनी वर्गात सांगितलेलेही असते. त्यामागचे तत्त्व खरे असल्यामुळे ते चटकन पटते. पण ते तपासायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावरही ते एका तासिकेत तपासता येईल.

एका जुन्या घमेल्याच्या तळाला मधोमध बोटाएवढे भोक पाडा. त्यात खालून बूच बसवा आणि घमेले विटांवर ठेवा. कडेकडेने, काट्यांच्या दिशेने पाणी ओतून ते भरा. मिनिटभर थांबा, कागदाचे दोन-चार कपटे टाका आणि बूच खालूनच अलगद काढा. मग हेच पाणी उलट दिशेने ओतून करा. बहुतेक वेळा भोवरा ओतण्याच्या दिशेनेच फिरेल. पृथ्वीची दिशा तर मधल्या काळात बदललेली नसते! (विद्यार्थ्यांना 'योग्य' दिशा आधी सांगू नका. सांगितली की तीच दिसू लागते.)

असे का होते? थोडे गणित करू. ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन दिवसाला एक फेरी घेते. विषुववृत्तावरची जमीन अशी गिरकी घेतच नाही. देवगाव फाटा १९ ते २० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. तिथे जमिनीला अशी एक फेरी पूर्ण करायला सुमारे ७२ तास, म्हणजे तीन दिवस लागतात. घमेल्यातल्या पाण्याला पृथ्वीकडून मिळणारी गिरकी एवढीच.

आता ओतताना पाण्याला बसलेला हेलकावा पाहा. पाणी शांत दिसते, पण समजा ते दहा मिनिटांत एक फेरी घेत आहे. ही गती डोळ्यांना जाणवणार नाही. तरीही ती पृथ्वीने दिलेल्या गिरकीच्या ४३२ पट आहे. भोकाकडे येताना पाणी आत आत सरकते, तसा त्याचा फिरण्याचा वेग वाढतो. गिरकी घेणाऱ्याने पसरलेले हात जवळ घेतले की तो जोरात फिरू लागतो, तसेच हे. घर्षण सोडून दिले, तर अंतर विसाव्या भागावर येताच फेऱ्यांचा वेग ४०० पट होतो. म्हणून न दिसणारी जुनी गती अखेरीस भोवरा होऊन दिसते, आणि पृथ्वीचा वाटा तिच्यात बुडून जातो.

ही जुनी गती पूर्ण जिरू दिली तर? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक अॅशर शपिरो यांनी १९६२ साली हेच केले. सहा फूट व्यासाचे गोल टाके, सहा इंच पाणी आणि तळाला पाऊण इंचाच्या निम्मे भोक. पाणी त्यांनी मुद्दाम काट्यांच्या दिशेने फिरवत भरले, वरून झाकले आणि २४ तास तसेच ठेवले. टाके रिकामे व्हायला सुमारे वीस मिनिटे लागली. पहिली बारा ते पंधरा मिनिटे काहीच दिसेना. मग तरंगता लाकडी तुकडा काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागला, आणि शेवटी तीन-चार सेकंदांत एक फेरी घेऊ लागला. १९६५ साली सिडनी विद्यापीठात असाच प्रयोग झाला, तेव्हा भोवरा काट्यांच्या दिशेने फिरला. म्हणजे तत्त्व दोन्हीकडे खरे ठरले. मात्र त्यासाठी दिवसभर निश्चल ठेवलेले पाणी लागले. मोरीला तेवढी सवड कुठली?

केनियातील नान्युकी हे गाव विषुववृत्तावर आहे. तिथे पर्यटकांना रेषेच्या दोन्ही बाजूंना काही पावले नेऊन उलटसुलट भोवरे दाखवतात. विषुववृत्ताजवळ हा परिणाम जवळजवळ शून्य असतो. तेव्हा तिथे कसब असते ते भांडे भरण्याचे आणि ते हातात घेऊन वळण्याचे.

जिथे अंतर शेकडो किलोमीटरचे आणि वेळ दिवसांची असते, तिथे मात्र पृथ्वीची गिरकी हिशेबात धरावीच लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ साली फिरत्या यंत्रांचा विचार करताना मांडलेले हे बल आज हवामानशास्त्रात रोज वापरले जाते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर आदळलेले महाचक्रीवादळ काट्यांच्या उलट दिशेने फिरत होते, आणि बंगालच्या उपसागरातले प्रत्येक चक्रीवादळ तसेच फिरते. दक्षिण गोलार्धातून आग्नेयेकडून येणारे वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. मोसमी वारे म्हणतो ते हेच. जून-जुलैत देवगाव फाट्याच्या शेतकऱ्याला कापसासाठी ज्याची वाट पाहावी लागते, त्या पावसाच्या वाऱ्याची दिशा याच बलाने ठरवलेली असते.