विमानतळावरचा लांब मुक्काम : बाहेर पडावे की आत थांबावे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागणीच्या तारखा, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या याविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. आपल्या सभासदांचा विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. कोणी अभ्यास दौऱ्यास जातो, कोणाचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, कोणी आजी सुनेच्या बाळंतपणासाठी समुद्रापार निघते. आपल्या जिल्ह्यातून प्रवासी विमान उडत नाही. सिंदखेडराजा, देऊळगावराजा, चिखलीकडचे लोक छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ गाठतात. तेथूनही दूरच्या गावाला थेट विमान क्वचितच मिळते. मुंबईला उतरायचे आणि दुसरे विमान धरायचे. मध्ये सहा, आठ, कधी बारा तास रिकामे सापडतात.

मग प्रत्येक वेळी एकच प्रश्न निघतो. "साहेब, आठ घंटे नुसतं बसून काय करावं जी? जाऊन येतो ना बाहेर!"

जावे की न जावे, हे ठरवायचे कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

एका दौऱ्याची हकीकत

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही चौदा जण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत शिबिरास निघालो. १९१२ साली स्थापन झालेली ही संस्था. आपण लावतो तो को ८६०३२ तिथलाच. सकाळी साडेनऊला मुंबईत उतरलो. पुढचे विमान संध्याकाळी साडेपाचचे. मध्ये आठ तास.

आमच्यातल्या तिघांना बाहेर जायचे होते. एकाचा धाकटा भाऊ परळला इस्पितळात होता, दुखणे मोठे होते. उरलेल्या दोघांना जुहूची चौपाटी पाहायची होती. "इथं तर आहे, हाकेच्या अंतरावर," असे त्यांना कोणी तरी सांगितले होते.

भावाला भेटणाऱ्यांनी आदल्या दिवशी घरूनच आमच्यापाशी हिशेब केला. रुग्णाला कधी भेटू देतात, ते भावजयीला फोनवर विचारले. खांद्याला एक पिशवी, खिशात बोर्डिंग पास आणि आधारकार्ड. भेट झाली. दोन तास होताच ते उठले. पाऊस होता, रस्ता तुंबला होता, तरी तीनच्या सुमारास आमच्याजवळ येऊन बसले.

जुहूला गेलेल्यांनी हिशेब केला नाही. "तीनला निघू, जवळच आहे," एवढेच ठरले होते. तीनला निघाले आणि पावसात अडकले. घाईघाईत टॅक्सीवाल्याला नुसते "विमानतळ" सांगितले, त्याने टर्मिनल १ ला नेऊन सोडले. आमचे विमान टर्मिनल २ चे. तेथून पुन्हा दुसरी गाडी, दारावर रांग, तपासणीला रांग. ते दारापाशी पोचले तेव्हा दार बंद झाले होते. प्रवासी चढला नाही की त्याचे सामान विमानातून उतरवावे लागते, त्यामुळे आमचेही विमान खोळंबले. दोघांनी दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटे काढली. त्या पैशात एकराचे बेणे आले असते. आणि काणी व गवताळ वाढ हे रोग बेण्यात कसे ओळखावे, हे ज्या दिवशी शेतात उभे राहून दाखवले, तो दिवस त्यांचा हुकला. ज्यासाठी गेलो तेच राहून गेले.

म्हणजे पाहा, बाहेर पडणे चूक की बरोबर, असा हा प्रश्नच नाही. दोन्हीकडे मुंबई तीच, पाऊस तोच, तास तितकेच. फरक हिशेबाचा आणि कामाचा.

टन पाहू नका, उतारा पाहा

ऊस किती टन झाला यावर साखर ठरत नाही, उताऱ्यावर ठरते. विमानतळावरच्या तासांचेही तसेच. तिकिटावर लिहिलेले आठ तास म्हणजे वाढे, पाचट आणि मातीसकट वजन. त्यातून वजावट करायची आणि उरेल ते आपले. परळचा हिशेब आम्ही असा मांडला होता :

१. विमानातून उतरून बाहेर रस्त्यावर येईपर्यंत पाऊण तास. सामान घ्यायचे असेल तर आणखी अर्धा तास धरा.

२. पुढच्या विमानासाठी टर्मिनलच्या दाराशी दोन तास आधी हजर. परदेशी विमान असेल तर तीन ते चार तास.

३. जाण्याचा रस्ता एक तास.

४. येण्याचा रस्ता पावणेदोन तास. येताना नेहमी जास्त धरावे. जाताना उशीर झाला तर भेट कमी होते, येताना झाला तर विमान जाते.

५. अचानकचा म्हणून अर्धा तास राखीव.

सगळे मिळून सहा तास वजा. आठाचे उरले दोन. दोन तासांत भावाजवळ बसता येते. पण हाच मुक्काम साडेसहा तासांचा असता, तर अर्धा तासच उरला असता, आणि आम्ही "जाऊ नका" म्हटले असते.

आमचा ठोकताळा असा. वजावट करून दीड तासही उरत नसेल तर आतच थांबावे. दीड ते तीन तास उरत असतील तर ठरलेल्या एकाच कामासाठी जावे, फिरायला म्हणून नव्हे. तीनहून जास्त उरत असतील तर खुशाल जावे, पण परत निघण्याची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी.

मुंबईपुरते एक बरे झाले आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यावर दोन्ही टर्मिनलची स्थानके आहेत, दादर आहे, सिद्धिविनायक आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. रस्ता तुंबला तरी ही गाडी अडकत नाही, त्यामुळे कलम ३ आणि ४ ची वजावट बरीच कमी होते. मात्र सिद्धिविनायकाला मंगळवारी जाणार असाल तर दर्शनाची रांगही वजावटीत धरा. अंगारकीला तर विचारच करू नका.

रेल्वे आणि विमान

मलकापूरला किंवा शेगावला गाडी चार तास उशिरा असली तर आपण गावात जाऊन येतो. ती सवय अंगात भिनलेली आहे. पण रेल्वे फलाटावर येते, मिनिटभर उभी राहते आणि माणूस पळत येऊन डबा धरतो. विमानाचे तसे नसते. देशातल्या प्रवासात सामान घेणारी खिडकी बहुधा विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी. विमान समोर उभे दिसले तरी उपयोग नाही.

आपल्या गाडीतळाची गोष्ट लक्षात घ्या. उसाची गाडी रांगेत लावून ड्रायव्हर चहाला गेला आणि तेवढ्यात नंबर आला, तर मागची गाडी काट्यावर जाते. तिथे निदान दुसरी पाळी मिळते, ऊस थोडा सुकतो एवढेच. विमानात पुढची पाळी नव्या तिकिटाची.

त्यातही एक मेख आहे. जाणे-येणे एकाच तिकिटावर असेल आणि मधला एक टप्पा आपण चुकवला, तर बहुतेक कंपन्या त्यापुढचे सगळे टप्पे रद्द धरतात, परतीचासुद्धा. याउलट पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे दुसरे चुकले आणि तिकीट एकच असेल, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर ती जबाबदारी आपल्यावर येते. विमान चुकलेच, तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागता येते. अर्ज करा, सोडून देऊ नका.

तिकीट नीट वाचा

बाहेर पडण्यापूर्वी तिकिटावर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, विमानतळाचे नाव. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली. आता एक विमान नवी मुंबईला उतरवणारे आणि दुसरे मुंबईहून सुटणारे, असे तिकीट हाती पडू शकते. तसे असेल तर बाहेर पडणे भागच आहे, आणि तुमचा मुक्काम हा मुक्काम नसून एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्याचा प्रवास आहे.

दुसरी, टर्मिनलचा आकडा. टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ल्याकडे, टर्मिनल २ सहारला. टॅक्सीत बसताना आकडा सांगितल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

तिसरी, सामानाची चिठ्ठी. तिच्यावर शेवटच्या गावाचे नाव असेल तर सामान थेट जाते आणि आपण मोकळे. मुंबईचेच नाव असेल तर पेट्या घेऊन हिंडावे लागते. अशा वेळी आत थांबलेलेच बरे.

परत आत येताना पुढचे तिकीट किंवा बोर्डिंग पास आणि फोटोचे ओळखपत्र दारावरच दाखवावे लागते. ते सामानात टाकून बाहेर पडू नका.

परदेशी मुक्काम

देशाबाहेर गोष्ट आणखी निराळी. तिथे विमानतळाबाहेर पाऊल टाकणे म्हणजे त्या देशात शिरणे. व्हिसा नसेल तर दारच उघडत नाही. दुबई किंवा अबुधाबीला बाहेर पडायचे असेल तर ४८ किंवा ९६ तासांचा व्हिसा निघतो, पण तो आगाऊ आणि तिथल्या विमान कंपनीमार्फत घ्यावा लागतो. अमेरिकेत उलट आहे. तिथे नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो, आणि पहिल्याच गावी तपासणीला उभे राहून आपले सामान उचलून पुन्हा द्यावे लागते. तेव्हा मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी ठेवू नये. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाचा चालू नियम मुलांकडून तपासून घ्या.

आफ्रिकेतून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ब्राझीलला ऊस पाहायला जाणारी मंडळी अनेकदा इथिओपियातील अदिस अबाबा येथे विमान बदलतात. इथिओपिया, केनिया आणि ब्राझील हे यलो फिव्हर म्हणजे पीतज्वराचे देश धरले जातात. अशा देशातून सहा दिवसांच्या आत भारतात आलेल्या माणसाजवळ लस टोचल्याचा दाखला नसेल, तर त्याला विमानतळावरूनच अलग ठेवले जाते, सहा दिवसांपर्यंत. नुसते विमान बदलले आणि सारा वेळ विमानतळाच्या आतच काढला, तर आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने सूट मिळते. तेव्हा दुसऱ्याच कोणत्या देशातून येताना अदिस अबाबा किंवा नैरोबीला "शहर पाहून येऊ" म्हणून बाहेर पडलात आणि दाखला नसला, तर ती सूट गेली. दोन तासांची हौस आणि सहा दिवसांचा बंदिवास! लस सरकारने ठरवलेल्या केंद्रावरच घ्यावी. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि पुढे जन्मभर चालतो.

आत थांबणे म्हणजे वेळ वाया नव्हे

साठी ओलांडलेल्यांनी, गुडघेदुखीवाल्यांनी, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आत थांबण्यात कमीपणा मानू नये. आत पिण्याचे पाणी फुकट, प्रसाधनगृह स्वच्छ, थंडावा असतो. खायचे मात्र महाग. घरच्या दशम्या बरोबर ठेवाव्यात, कोणी अडवत नाही. पाय लांब करून दोन तास झोप काढावी. आधी सांगितले तर चाकाची खुर्चीही मिळते.

गटाने जात असाल तर घरूनच दोन गोष्टी ठरवा. बाहेर जाणाऱ्याने कोठे जातो आणि किती वाजता परततो, हे गटप्रमुखाला लिहून द्यावे. आणि तो वेळेवर आला नाही तर बाकीचे थांबणार नाहीत, हे सर्वांसमक्ष बोलून ठेवावे. आम्ही हे बोललो नव्हतो. त्यामुळे त्या संध्याकाळी विमानात चढताना बारा जणांचे पाय अडखळत होते.

परळला गेलेल्या सभासदांचा भाऊ पुढे महिनाभरात गेला. ते गेल्या हंगामात काट्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, ते दोन घंटे भेटले म्हणून बरं झालं. नाय तं जन्मभर मनात राहिलं असतं." जुहूला गेलेले दोघेही तिथेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली, पण लगेच एक जण म्हणाला, "आमचेबी दोन घंटे झाले जी, पण कशापायी ते आजवर उमगलं नाही."

वजावट करा, उरलेले तास मोजा, आणि ते कशासाठी खर्चायचे ते आधी ठरवा. मग बाहेर पडा किंवा आत थांबा, दोन्ही बरोबरच होईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी