शून्याने भागलं तर?

माझी भाची पाचवीत आहे. गेल्या सुट्टीत शहापूरच्या घरी कुंद्याचा डबा उघडला तेव्हा तिनं विचारलं, "मामा, बारा चमचे कुंदा तिघांत वाटला तर चार-चार चमचे. आणि शून्य माणसांत वाटला तर?"

मोठी माणसं यावर 'अनंत' म्हणून मोकळी होतात. पण भागाकाराचा ताळा आपण उलट्या गुणाकाराने करतो ना? 4 गुणिले 3 बरोबर 12. मग शून्याने गुणल्यावर 12 येतील अशी संख्या कोणती? नाहीच. आणि शून्य भागिले शून्य घ्या, तर कुठलीही संख्या चालते!

आपल्याकडे यावर फार पूर्वीपासून डोकेफोड झाली आहे. ब्रह्मगुप्तांनी 628 साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं ठरवलं. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राज्यात महावीराचार्यांनी लिहिलं, की शून्याने भागलेली संख्या तशीच राहते. (कुणाला वाटलाच नाही तर कुंदा डब्यातच राहणार, तसं काहीसं!) ताळ्यात मात्र हे बसत नाही.

मग 1114 साली जन्मलेले भास्कराचार्य. त्यांचं गाव चाळीसगावजवळचं पाटण की विजापूर, यावरही महाराष्ट्र-कर्नाटक वाद आहेच. आपल्याला त्याचं काय नवल! पाटणला त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा 1207 चा शिलालेख आहे, म्हणून माझं मत पाटणला. छेदात शून्य असलेल्या राशीला त्यांनी 'खहर' म्हटलं. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती बदलत नाही. प्रलयात सगळे जीव सामावले तरी अनंत अच्युत बदलत नाही, तशी.

'लीलावती'त त्यांचं एक गणित आहे. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचंच अर्धं मिळवा, तिप्पट करा, शून्याने भागा, उत्तर 63. तर संख्या कोणती? 14. इथे दोन शून्यं एकमेकांना काटतात असं धरलंय. शून्याच्या जागी अगदी बारीक संख्या घ्या, गणित चोख सुटतं. कलनशास्त्राची वाट इथून फार लांब नाही. पण खरंखुरं शून्य असं काटता येत नाही. 1 गुणिले 0 आणि 2 गुणिले 0 सारखेच. शून्यं काटली की 1 बरोबर 2!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा तर हा रोजचा विषय. सप्टेंबर 1997 मध्ये अमेरिकेची 'यूएसएस यॉर्कटाऊन' ही युद्धनौका भर समुद्रात बंद पडली. डेटाबेसमध्ये कुणीतरी शून्य भरलं होतं आणि संगणक त्याने भागायला गेला. म्हणून काही जण कोडमध्ये सरळ लिहून टाकतात, की छेद शून्य असेल तर उत्तर 0. मला हे प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा वाईट वाटतं. बंद पडलेलं निदान दिसतं तरी. शहापुरात कुणी नवं साड्यांचं दुकान काढलं, ॲपवर अजून एकाही गिऱ्हाईकाने गुण दिलेले नाहीत. सरासरी काढायची तर शून्य भागिले शून्य. तिथे 0 छापलं, की साडी न बघताच लोक म्हणणार, दुकान टाकाऊ आहे. तिथे 'अजून कुणी गुण दिलेले नाहीत' एवढंच लिहायला हवं.