गडनदीचा गोटा

कणकवलीत पाऊस झोडपतोय. पडवीच्या कौलांवरून पागोळ्या गळतायत आणि त्यांचंच पाणी घमेल्यात धरून काका दागिन्यासाठी गोटा घासतायत. मांडीवर गोणपाट, त्यावर फळी, फळीवर ओला पॉलिश पेपर. गोटा गडनदीतला, मे महिन्यात पात्र आटलं तेव्हा वेचलेला. काळा, चपटा, अंगठ्याएवढा. नदीनं सह्याद्रीतून लोटत आणलेला हा बेसॉल्ट. लाव्हा थिजून त्याचा दगड झाला त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली.

टोपलीत पांढरे गोटेही आहेत. दिसायला तेच देखणे, पण काका त्यांना हात लावत नाहीत. गारगोटीची कठिणता मोहसच्या मापात 7. पोलादी कानस तिच्यावरून नुसती घसरते. इथून जवळच कासार्ड्यात जी सिलिका खणतात, ती याच जातीची. अंगणातल्या गडग्याचा जांभा सच्छिद्र, बारीक नक्षी धरत नाही. म्हणून काळा गोटाच बरा. हट्टी आहे, पण वेळ दिला की ऐकतो.

नात शेजारी बसून दुसरा गोटा घासतेय. पेपर कोरडा पडलाय, बोटांवर राखाडी पूड दिसतेय.

"बाय, कोरडो घासू नको. ती धूळ छातीत बसता."

"वायच रव्हलो हा, आजा."

"वायच नाय. पाणी घे आधी."

ती ओंजळभर पाणी ओतते. काकांच्या आवाजातली जरब मला रास्त वाटते. दगडाच्या पुडीनं फुप्फुसं कायमची निकामी होतात आणि दागिना कितीही नाजूक असला तरी पूड तीच.

पेपर 220 चा, मग 400 चा, मग 800 चा. दर वेळी आधीचे ओरखडे पुरते जाईपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नाही. मग हिरेकणी लावलेल्या बारीक कानशीनं काका मधोमध एक शीर ओढतात, दोन्हीकडे तिरक्या रेघा, आणि गोट्याचं पान होतं. मशिनीत घोळवलेल्या चकचकीत खड्यांपेक्षा हे मंद काळं पान मला कितीतरी सुंदर वाटतं. हात कुठे थांबला, कुठे वळला, ते त्यावर वाचता येतं.

आता भोक. खरी कसोटी इथेच. इतकी मेहनत एका टवक्यानं वाया जाऊ शकते. पान वाटीतल्या पाण्यात बुडवून, खाली लाकडाचा तुकडा ठेवून काका हातड्रिल फिरवतात. थोडं फिरवायचं, उचलायचं, गढूळ पाणी बदलायचं. निम्म्यावर आल्यावर ते पान उलटं करतात.

"एकाच बाजून पाडलंस तर पाठचो टवको उडता," ते नातीला सांगतात.

जुने मणिकारही दोन्ही टोकांकडून भोक पाडत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातले दगडी मणी मांडलेत; त्यांच्यापुढे उभं राहिलं की नक्षीपेक्षा त्या भोकांचंच नवल वाटतं.

ड्रिल एकदम सैल फिरतं. दोन्ही बाजू भेटल्या. काका पान उजेडाकडे धरतात, आत किंचित पायरी राहिलीय. मेण लावलेला दोरा कुरुंदाच्या पुडीत बुडवून ते भोकातून मागे-पुढे ओढायला लागतात, नाहीतर ती धार गळ्यातला दोरा कापेल. नात आपला गोटा खाली ठेवते.

"आजा, माका दी. मी ओढतंय."

"ओढ. पण आधी पाणी."