होल्लोको : एका हंगेरियन डोंगरी खेड्याचा वारसा

प्रस्तावना :
हंगेरीच्या उत्तर भागातील नोग्राद परगण्यात, चेरहाटच्या डोंगराळ प्रदेशात होल्लोको हे छोटे खेडे वसले आहे. पालोत्स या हंगेरियन लोकसमूहाच्या या गावाचा १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तथापि, हा वारसा नेमका कशाचा, हा प्रश्न विचारार्ह आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१२४१-४२ च्या मंगोल आक्रमणानंतर, तेराव्या शतकात येथील टेकडीवर किल्ला बांधण्यात आला. ‘होल्लो’ म्हणजे डोमकावळा व ‘को’ म्हणजे दगड, असा गावाच्या नावाचा अर्थ होतो. तुर्की अंमलाच्या काळात किल्ला अनेकदा हातबदल होत राहिला. सध्याच्या खेड्याची जडणघडण मुख्यतः सतराव्या व अठराव्या शतकांत झाली.

गावाची रचना :
येथील जमिनी लांबट, अरुंद पट्ट्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पिढीने रस्त्यालगत घर बांधावे आणि पुढील पिढ्यांनी त्याच पट्ट्यात मागे घरे उभारावीत, अशी रीत होती. त्यामुळे कुटुंबाचा विस्तार जमिनीवरच नोंदला गेला. दगडी जोते, चुन्याने रंगविलेल्या भिंती आणि लाकडी खांबांची पडवी ही घरांची ठळक वैशिष्ट्ये होत.

१९०९ च्या आगीत गावाची मोठी हानी झाली. त्यानंतर घरे पुन्हा पारंपरिक पद्धतीनेच बांधण्यात आली. म्हणजेच आज दिसणाऱ्या अनेक घरांचे वय गावाच्या वयापेक्षा बरेच कमी आहे. टिकून राहिले ते मूळ बांधकाम नव्हे, तर रचनेची रीत व बांधणीचे कौशल्य.

वर्तमान जीवन :
गावाची लोकसंख्या आज काही शेकड्यांवर आली आहे. जुन्या भागातील कित्येक घरांत संग्रहालये, हस्तकलेच्या कार्यशाळा व पाहुण्यांची निवासस्थाने आहेत. ईस्टरच्या सोमवारी पुरुषांनी स्त्रियांवर पाणी शिंपडण्याची जुनी प्रथा येथे पारंपरिक वेशात साजरी होते. ती पाहण्यास पर्यटक मोठ्या संख्येने येतात. पर्यटनामुळे घरांची निगा राखली जाते, हे खरे; परंतु ज्या शेतीने व कुटुंबव्यवस्थेने या घरांना आकार दिला, ती पर्यटनाने परत येत नाही.

समारोप :
युनेस्कोच्या नोंदीत घरांबरोबरच शेतांचे पट्टे, फळबागा, द्राक्षमळे, कुरणे व वने यांचाही अंतर्भाव आहे, ही बाब म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. आगीनंतर घरे पुन्हा उभी राहिली, कारण ती बांधणारे व त्यांत राहणारे लोक गावात होते. खेड्याचे जतन करताना वास्तूंइतकाच या मनुष्यबळाचा विचार होणे आवश्यक आहे.