काय वगळायचं?

अमूर्त म्हणजे शरीर पुसून टाकणं, असं आपण धरून चालतो. आँरी मातिसचं उदाहरण घेऊ. १९४१च्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ उभं राहून रंगवणं जमेना. मग मदतनिसांनी रंगवून दिलेले कागद तो कात्रीने कापू लागला. १९५२ची ‘ब्लू न्यूड्स’ ही चार चित्रं बघा. नाकडोळे नाहीत, छायाप्रकाश नाही. मांडी, दंड, धड यांचे निळे तुकडे, मधे पांढऱ्या फटी. पण आपली नजर त्या फटींनाच सांधे समजते. कुठला पाय पुढे, कुठला मागे, तेही ओळखते. ही सफाई सहज येत नाही बरं का! त्यातल्या एका चित्रासाठी वहीभर रेखाटनं आणि दोन आठवडे लागले. शरीर नीट पाहिल्याशिवाय त्यातलं काय वगळायचं, ते कळत नाही.