गुडघा नवा, मेहनत आपली

गुडघा बदलताना झिजलेल्या सांध्याच्या जागी धातू आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवतात; पण तो चालवणारे स्नायू जुनेच असतात. दुखण्यामुळे वर्षानुवर्षं जपून वापरलेली मांडी तोवर रोडावलेली असते. म्हणून फिजिओथेरपी शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सुरू करावी. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने दाबा आणि ५ आकडे मोजा. मांडीवर हात ठेवलात तर स्नायू कडक झालेला जाणवेल. वॉकरचा सरावही तेव्हाच करून ठेवावा.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पावलं वर-खाली हलवत राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गुडघा वाकवण्याइतकंच तो पूर्ण सरळ करणंही महत्त्वाचं. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलं की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी हवीच तर टाचेखाली घ्या. जिना उतरायला, खुर्चीतून उठायला तो साधारण ९० ते १०० अंश वाकावा लागतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

दुखतं म्हणून व्यायाम सोडू नका. गोळीची वेळ आणि बर्फाचा शेक डॉक्टरांना विचारून ठरवा. पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. एकाएकी दम लागला तर तडक रुग्णालय गाठा. मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याआधी सर्जनना विचारा. पहिले ३ महिने नेटाने व्यायाम केलात, तर त्याचं चीज होतं.